निजामकालीन पूल : एका विशेषणाची परीक्षा

मराठवाड्यांतील जुन्या वास्तूंविषयीं अलीकडे जें लेखन होत आहे, त्यांत नद्यांवरील दगडी कमानींच्या पुलांनाही स्थान मिळूं लागलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. किल्ले, लेणीं, देवळें व दर्गे यांकडे संशोधकांचें लक्ष पूर्वीपासून आहे; परंतु ज्या पुलावरून त्या किल्ल्याकडे किंवा देवळाकडे जावयाचें, तो पूल कोणीं व कधीं बांधला हें विचारण्याचें फारसें कोणास सुचत नसे. आतां तें सुचूं लागलें आहे. मात्र प्रश्न विचारतांच उत्तरही तयार असतें आणि तें बहुधा एकच असतें : "निजामकालीन". नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांविषयींच्या स्मरणिका, वृत्तपत्रांतील टिपणें आणि स्थानिक इतिहास चाळीत असतां हें विशेषण आमच्या दृष्टीस इतक्या वेळां पडलें कीं, त्याची एकदां रीतसर परीक्षा करावी असें आम्हांस वाटलें. कोणा एका लेखकास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. दोष पद्धतीचा आहे आणि त्यांत आम्हीही वांटेकरी आहों.

प्रथम या शब्दाची व्याप्ति पाहूं. निजामउल्मुल्कानें साखरखेर्ड्याच्या लढाईंत मुबारिजखानाचा पराभव केला तो १७२४ सालीं. आणि निजामाची सत्ता संपुष्टांत आली ती १७ सप्टेंबर १९४८ रोजीं. म्हणजे "निजामकाल" हा सुमारें २२४ वर्षांचा काल झाला. एवढ्या अवधींत पूल बांधण्याची कला, त्याचें सामान, त्यासाठीं लागणारा पैसा, त्यामागचा हेतु आणि तो बांधणारा माणूस हीं सर्व बदललीं. अठराव्या शतकांत एखाद्या जहागीरदारानें किंवा धर्मशील सावकारानें पुण्यार्थ बांधलेला पूल. सालारजंगाच्या दिवाणगिरींत (१८५३ ते १८८३) जिल्हाबंदी झाल्यावर सरकारी कचेऱ्यांचीं ठिकाणें जोडण्यासाठीं बांधलेला पूल. आणि मीर उस्मान अलीखानाच्या कारकिर्दींत (१९११ ते १९४८) मोटारींच्या रहदारीसाठीं बांधलेला पूल : हे तीन पूल एका शब्दांत कोंबणें म्हणजे पेशवाईंतील वाडा आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची चाळ यांस एकच सन देण्यासारखें आहे. "शिवकालीन" हें विशेषणही सैलपणें वापरलें जातें. परंतु त्यानें निदान पन्नास वर्षांची मर्यादा तरी पडते. "निजामकालीन" म्हटल्यानें तेवढीही मर्यादा पडत नाहीं. तें कालनिर्णयाचें रूप घेऊन येतें, पण कालनिर्णय करीत नाहीं.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. या विशेषणामागें अशी एक समजूत दडलेली असते कीं, निजामापूर्वीं या मुलखांत बांधण्याजोगें कांहीं बांधलेंच गेलें नाहीं. वस्तुस्थिति उलट आहे. १६३६ सालीं उदगीर व औसा हे किल्ले मोंगलांनीं घेतले आणि त्याच सुमारास दक्षिणेच्या चार सुभ्यांपैकीं तेलंगण सुभ्याचें मुख्य ठाणें नांदेड हें होतें. कंधारचा किल्ला त्याच सुभ्यांतला. सुभ्याच्या ठाण्याकडे फौजा, खजिना आणि धान्याचे तांडे येत-जात असतात; त्यांस नद्या उतराव्या लागतात. तेव्हां गोदावरी, मांजरा, मन्याड व तेरणा यांच्या खोऱ्यांतील उतार, घाट आणि ओढ्यांवरील कमानी यांचा विचार निजामाच्या शंभर वर्षें आधींपासून करावयास पाहिजे. उलटपक्षीं, १७२४ नंतर हा सर्व मुलूख अखंड निजामाकडेच होता असेंही नाहीं. उदगीरच्या १७६०च्या आणि खर्ड्याच्या १७९५च्या लढाईनंतर निजामास मराठ्यांकडे मुलूख सोडावा लागला. तेव्हां त्या काळांतील एखादें बांधकाम निजामाच्या नांवावर मांडतांना तें त्या वर्षीं कोणाच्या अंमलाखालीं होतें, एवढें तरी पाहिलें पाहिजे.

निजामपूर्व काळीं वाहत्या नदींत चिरेबंदी काम उभें करण्याची विद्या या भागांत होती कीं नव्हती, याविषयीं शंका असेल तर ती नळदुर्गानें फिटेल. हें ठिकाण लातूरच्या शेजारच्या जिल्ह्यांत आहे. बोरी नदीवरील तेथील बंधारा एका अंगास किल्ल्याला व दुसऱ्या अंगास रणमंडळाच्या टेकडीला भिडलेला असून त्याच्या पोटांत पाणीमहाल आहे. पावसाळ्यांत पाणी त्यावरून दोन मोठ्या सांडव्यांनीं खालीं पडतें. लोक त्यांस नर व मादी म्हणतात. हें काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दींतील, हिजरी १०२२ म्हणजे इ. स. १६१३चें आहे. बंधारा हा पूल नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु पुराचा धक्का सोसणारा पाया, पाण्यांत टिकणारा चुना आणि घडीव दगडाचा सांधा या तीन गोष्टी दोहोंसही सारख्याच लागतात. ज्या प्रदेशांत १६१३ सालीं असें काम उभें राहिलें, तेथील प्रत्येक कमान निजामाच्या पदरीं टाकण्यास कांहीं तरी पुरावा हवा.

आतां पुरावा कोठें शोधावयाचा, हा प्रश्न येतो. आणि येथें अभ्यासकांची आणखी एक फसगत होते. लातूर जिल्ह्यांतील पुलाचा कागद "लातूर जिल्हा" या नांवाखालीं शोधूं लागल्यास तो कधींच सांपडणार नाहीं; कारण हा जिल्हा अस्तित्वांत आला तोच १९८२ सालीं, उस्मानाबाद जिल्ह्यांतून. त्यांतही उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत होते. राज्यपुनर्रचनेच्या वेळीं ते उस्मानाबादेस जोडले गेले, आणि बीदरचा उरलेला बराच भाग म्हैसूर राज्यांत गेला. नांदेडचेंही तसेंच आहे. किनवट तालुका पूर्वीं आदिलाबादचा. आणि नांदेडच्या जुन्या मुधोळ तालुक्याचा मोठा भाग व देगलूरचीं कांहीं मंडळें त्याच वेळीं आंध्राकडे गेलीं. म्हणजे किनवटकडील पुलाचा कागद आदिलाबादच्या दप्तरांत व उदगीरकडील पुलाचा बीदरच्या दप्तरांत असावयाचा. नद्यांनीं आपले मार्ग सोडले नाहींत. जिल्ह्यांनीं मात्र आपल्या सीमा दोनदां-तीनदां बदलल्या. हैदराबाद येथील राज्य अभिलेखागारांतील फार्सी व उर्दू दप्तरें, जिल्ह्यांच्या कचेऱ्यांतील कागद आणि १९१४ सालीं गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखालीं स्थापन झालेल्या हैदराबाद पुराणवस्तु खात्याचे अहवाल पाहिल्याशिवाय "लेखी पुरावा नाहीं" असें म्हणणें हें घाईचें होईल.

कागद किंवा शिलालेख सांपडला तरी काम संपत नाहीं. सनाचा प्रश्न उरतोच. हैदराबाद संस्थानांत हिजरी व फसली हे दोन्ही सन चालत. मराठी कागदांत शालिवाहन शकही येई. २८ सप्टेंबर १९०८ हा एकच दिवस घेतला तर तो हिजरी १३२६, हैदराबादचा फसली १३१७ आणि शके १८३० या तीन वर्षांत पडतो. फसली सन सौर असल्यामुळें त्यांत ५९० मिळविले असतां ज्या इसवी सनाच्या ऑक्टोबरांत तें वर्ष सुरू होतें तो सन मिळतो. हिजरी सन चांद्र असल्यामुळें त्याचें अंतर स्थिर राहत नाहीं. हिजरी ९८६ मध्यें तें ५९२ होतें. हिजरी १३२६ मध्यें तें ५८२ झालें. समजा, एखाद्या पुलाच्या कठड्यावर केवळ "१३१७" एवढाच आंकडा आहे. तो फसली मानला तर पूल १९०७-०८चा ठरतो. हिजरी मानला तर १८९९-१९००चा. फरक आठ वर्षांचाच आहे, असें कोणी म्हणेल. परंतु गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग नांदेडावरून गेला तो १९०० सालच्या सुमारास. तेव्हां तो पूल लोहमार्गाच्या आधींचा कीं त्याच्यामुळें बांधलेला, हा प्रश्नच या आठ वर्षांवर उलटा किंवा सुलटा सुटतो.

पुलाचा इतिहास तपासून कसा लिहावा व न तपासल्यास काय होतें, याचें उदाहरण म्हणून आम्ही हैदराबादेंतील मुसी नदीवरील पुराण्या पुलाची निवड करीत आहों. नांदेड, उदगीर व लातूर येथील लोक पिढ्यान् पिढ्या कचेरीच्या, शिक्षणाच्या व व्यापाराच्या कामासाठीं ज्या राजधानींत जात, तिचा हा सर्वांत जुना पूल. त्याचें साल ठाऊक आहे, त्याच्याविषयीं दंतकथाही विपुल आहे, आणि त्याच्या दुरुस्त्यांचीही नोंद आहे. अशी तिन्ही अंगें एकत्र मिळणें दुर्मिळ असल्यामुळें परीक्षेस हें उदाहरण सोयीचें आहे.

दंतकथा अशी. गोवळकोंड्याचा शहाजादा महंमद कुली मुसीपलीकडील एका खेड्यांतील भागमती नांवाच्या नर्तकीवर अनुरक्त झाला. नदीला पूर आला असतांही त्यानें घोडा पाण्यांत घातला. बाप इब्राहिम कुत्बशहा यास हें कळतांच मुलाच्या जिवाच्या काळजीनें त्यानें नदीवर पूल बांधविला. कथा गोड आहे, आणि आजही ती पुलाचा इतिहास म्हणून सांगितली जाते.

आतां तीस सनांच्या तराजूंत घालूं. पूल पुरा झाला तो हिजरी ९८६, म्हणजे इ. स. १५७८ सालीं. महंमद कुलीचा जन्म १५६५च्या सुमाराचा. तेव्हां पूल पुरा झाला त्या वर्षीं शहाजादा तेरा वर्षांच्या आसपास होता. बावीस कमानींचा पूल एका उन्हाळ्यांत होत नाहीं. त्याचा संकल्प, दगडाची घडण आणि पायाचें काम यांस जीं वर्षें लागलीं असतील तीं वजा केलीं तर या प्रेमकथेचा नायक दहा-अकरा वर्षांचा ठरतो. भागमतीचा उल्लेख फिरिश्त्यानें केला आहे हें खरें. परंतु त्याचें सांगणें भागनगर या शहराच्या नांवाविषयीं आहे, पुलाविषयीं नव्हे. शहराविषयींच्या कथेवरही कुत्बशाहीचे इतिहासकार हारून खान शेरवानी यांनीं सबळ आक्षेप घेतलेले आहेत. भागमती होती कीं नव्हती, हा वाद आम्ही येथें सोडवीत नाहीं. ती होती असें धरलें तरी पूल तिच्यासाठीं बांधला हें सिद्ध होत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

दंतकथेनें झालेलें नुकसान एवढेंच नाहीं कीं, एक खोटी गोष्ट खरी मानली गेली. खरें नुकसान हें कीं, तिच्यामुळें खरा प्रश्न विचारलाच गेला नाहीं. हैदराबाद शहराची स्थापना १५९१ची आहे. म्हणजे शहराच्या तेरा वर्षें आधीं पूल होता. शहर नसतांना गोवळकोंड्याच्या सुलतानानें दक्षिण तीरावर जाण्यास एवढा खर्च कां केला? उत्तर प्रेमांत नसून रस्त्यांत शोधिलें पाहिजे. गोवळकोंडा ही हिऱ्यांच्या व कापडाच्या व्यापाराची पेठ. तिचा माल मच्छलीपट्टणच्या बंदराकडे जावयाचा. आणि किल्ल्याखालील कारवानची वस्ती याच वाटेवर होती. पावसाळ्यांत नदी अडली कीं व्यापार अडे. पूल आधीं झाला, रहदारी वाढली, पलीकडचा तीर वसण्याजोगा झाला आणि मग तेथें शहर उठलें, असा क्रम सनांवरून दिसतो. शहरानें पूल मागितला नाहीं. पुलानें शहरास जागा करून दिली, असें अनुमान करण्यास येथें आधार आहे. दंतकथा धरून बसल्यास एवढी मोठी गोष्ट हातची जाते.

नांवाचीही परीक्षा करूं. "पुराना पूल" हें या पुलाचें जन्मनांव असूं शकत नाहीं. कोणताही पूल बांधतेवेळीं जुना नसतो. एकोणिसाव्या शतकांत त्याच नदीवर इतर पूल झाले; चादरघाटचा पूल ऑलिफंट नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३१ सालीं बांधला, आणि पुढें अफजलगंजच्या पुलास "नया पूल" म्हणूं लागले. नवा आला तेव्हां हा जुना झाला. नांव हें मूळ घटनेचा नव्हे, तर नंतरच्या घटनेचा पुरावा आहे. हा नियम नांदेडासही लागू पडतो. तेथें पुराच्या दिवसांत गोदावरीची पातळी ज्या ठिकाणीं मोजतात त्यास "जुना पूल" असेंच म्हणतात. ३५१ मीटरांस इशारा आणि ३५४ मीटरांस धोका, हे आंकडे दर पावसाळ्यांत वृत्तपत्रांतून येतात. "जुना" या शब्दावरून त्याचें वय काढूं नये. त्याच्या शेजारीं नवा केव्हां झाला एवढेंच त्यावरून विचारावें.

दगड काय सांगतो, तेंही पाहूं. पुराण्या पुलाची लांबी सुमारें ६०० फूट, रुंदी ३५ फूट आणि कमानी २२. म्हणजे खांबाच्या जाडीसह एका गाळ्याच्या वांट्यास सुमारें २७ फूट येतात. गाळे लहान आणि खांब दांडगे, ही जुन्या पद्धतीची खूण होय. टोकदार कमान आपला भार बराचसा खालीं उतरविते व बाजूस कमी रेटते. जाड खांबामुळें एक कमान ढासळली तरी शेजारची उभी राहूं शकते. याचा तोटा असा कीं, जाड खांब नदीची वाट अडवितात. पुरांत पाणी तुंबतें आणि अरुंद गाळ्यांतून वेगानें सुटून पायाखालची माती ओढून नेतें. पुढें एकोणिसाव्या शतकांत हिशेबानें काम करणारे बांधकामदार पसरट कमानी, रुंद गाळे व सडपातळ खांब वापरूं लागले. तेव्हां गाळ्याची रुंदी व खांबाची जाडी यांचें प्रमाण मोजणें, हें नांदेड-लातूरकडील कोणत्याही बेसनी पुलावर आज कोणासही करतां येण्याजोगें काम आहे. त्यास दोरी, टेप आणि एक उन्हाळी सकाळ एवढेंच लागतें. त्यानें नेमकें वर्ष मिळणार नाहीं. परंतु २२४ वर्षांचा पट्टा पुष्कळ अरुंद होईल.

शेवटीं, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें, पुलाचें पुढचें आयुष्य. सतराव्या शतकांत फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानें हा पूल पाहून तो पॅरिसच्या पाँ-नफ पुलाहून सौंदर्यांत फारसा उणा नाहीं असा अभिप्राय दिला. पाँ-नफचा पायाही १५७८ सालींच घातला गेला होता आणि तो पुरा होण्यास जवळजवळ तीस वर्षें लागलीं, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. मुसीचा पूल पुरा झाला त्याच वर्षीं सीनच्या पुलास आरंभ झाला. पुढें पुरांनीं त्याची हानि झाली आणि सिकंदरजाहाच्या कारकिर्दींत, १८२० सालीं, त्याची दुरुस्ती झाली. १९०८च्या सप्टेंबरांत मुसीचा महापूर आला. त्यांत पंधरा हजारांच्या आसपास माणसें दगावलीं असें सांगतात. नदीवरील त्याहून नवे पूल मोडले. हा जखमी झाला पण उभा राहिला, आणि मीर महबूब अलीखानाच्या सरकारानें त्याची पुन्हां दुरुस्ती केली. त्यानंतर विश्वेश्वरय्या यांस पाचारण होऊन त्यांच्या सल्ल्यानें उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे तलाव झाले. पुराचा जोर वरच अडविला गेला. पुलाच्या आजवरच्या टिकण्यांत त्या तलावांचाही वांटा आहे. आज त्यावरून वाहनें जात नाहींत. तेथें भाजीबाजार भरतो.

आतां आम्ही विचारतों : हा पूल कुत्बशाही कीं निजामकालीन? जन्म कुत्बशाहींत, दोन मोठ्या दुरुस्त्या निजामाच्या अमदानींत, संरक्षण विसाव्या शतकांतील अभियंत्याच्या योजनेनें. कोणतें एक विशेषण यास पुरें पडेल? पूल हा पुतळा नव्हे कीं, एकदां घडविला म्हणजे त्याचा इतिहास संपला. दर पावसाळ्यांत नदी त्याची परीक्षा घेते, आणि प्रत्येक दुरुस्तींत तो थोडा थोडा नवा होतो. म्हणून पुलाच्या इतिहासांत बांधणाऱ्याच्या नांवाइतकेंच राखणाऱ्याचें नांव महत्त्वाचें आहे. आमच्या लेखनांत पहिलें नांव शोधण्याची हौस दिसते. दुसऱ्या नांवाची चौकशी क्वचितच दिसते.

येथें एक आक्षेप येईल. सामान्य वाचकास "निजामकालीन" म्हटलें काय, "१८९७चा" म्हटलें काय, सारखेंच. संशोधकांनीं शब्दांवरून एवढा वाद कां माजवावा? दंतकथेविषयींही हेंच म्हणतील कीं, ती लोकांस प्रिय आहे तर असूं द्यावी. दंतकथेस आमचा विरोध नाहीं. लोकांनीं पुलाविषयीं काय मानलें, हाही इतिहासच आहे. तो त्या नांवाखालीं लिहावा, म्हणजे झालें. परंतु सनाविषयींच्या ढिलाईचें मोल केवळ ग्रंथांतच मोजावें लागतें असें नाहीं. यासाठीं मराठवाड्याबाहेरचें एक उदाहरण देणें आम्हांस भाग आहे.

कोंकणांत महाडजवळ मुंबई-गोवा मार्गावर सावित्री नदीचा दगडी कमानींचा पूल होता. त्यास सर्वजण "ब्रिटिशकालीन" म्हणत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत तो कोसळला, एस. टी. च्या दोन गाड्या व एक मोटार नदींत गेली आणि चाळीसच्या आसपास माणसें प्राणांस मुकलीं. पूल १९२८चा होता. म्हणजे त्या रात्रीं तो ८८ वर्षांचा होता. "ब्रिटिशकालीन" या शब्दांत वय असतें, पण तें मोजलेलें नसतें. तो ऐकणाऱ्याच्या मनांत "जुना, मजबूत, तेव्हांचें काम चांगलें" एवढाच भाव उठतो. "अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, पायाची शेवटची तपासणी अमुक सालीं" असें म्हटलें तर दुसराच प्रश्न मनांत उठतो. शब्दानें पूल पडला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु विशेषणानें चौकशी झोंपते, हें मात्र आम्ही म्हणतों. नवा पूल ५ जून २०१७ रोजीं वाहतुकीस खुला झाला. त्याचा सन निदान सर्वांस ठाऊक आहे.

असाच दुसरा आळशी शब्द "दगडी" हा होय, आणि त्याची किंमत लातूरकरांस सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें घरांखालीं गाडलीं गेलीं, आणि तेव्हांपासून दगडी बांधकाम म्हटलें कीं या भागांतल्या माणसाच्या छातींत धस्स होतें. तें स्वाभाविकच आहे. परंतु जीं घरें पडलीं त्यांच्या भिंती मुख्यतः अनघड दगडांच्या, मातींत रचलेल्या, आणि वर मातीच्या धाब्याचा जड भार असलेल्या होत्या. घडीव दगड चुन्यांत बसवून उभारलेली कमान ही वेगळी जात आहे. म्हणून ती निर्धोक आहे असेंही समजूं नये. जी कमान त्या पहांटे या भागांत उभी होती, तिनें तो धक्का खाल्ला आहे. तेव्हां लातूरकडील कोणत्याही जुन्या पुलाच्या इतिहासांत १९९३ हें साल आलेंच पाहिजे : त्यानंतर तडे पाहिले काय, सांधे भरले काय, आणि कोणीं? बांधल्याचें वर्ष कदाचित् कधींच मिळणार नाहीं. हें वर्ष तर सर्वांच्या स्मरणांत आहे.

या परीक्षेवरून पुलांविषयीं लिहिणाऱ्यांस आम्ही कांहीं सूचना करूं इच्छितों. पुलाचें स्थान सांगतांना आजच्या जिल्ह्याबरोबर १९५६ पूर्वींचा जिल्हा व तालुकाही द्यावा. आंकडा मिळाल्यास तो कोणत्या सनाचा, हें ठरविल्यावांचून इसवी सन लिहूं नये. ठरवितां न आल्यास दोन्ही शक्यता मांडाव्या. गाळे, खांब, कमानीचा आकार, दगडाची घडण व चुन्याची जात यांचें वर्णन मोजमापासह द्यावें. पुलावरून जाणारा रस्ता जुन्या किल्ल्याकडे व घाटाकडे तोंड करून आहे कीं लोहमार्गाच्या ठाण्याकडे, हेंही पाहावें. लातुरास बार्शी लाइट रेल्वे आली ती १९११ सालीं. जो रस्ता केवळ त्या ठाण्यासाठींच आहे त्यावरील पूल त्यापूर्वींचा असण्याचा संभव थोडा. दुरुस्त्या, पूर व भूकंप यांच्या नोंदी क्रमानें द्याव्या. लोकांत चालत आलेली कथा अवश्य द्यावी, पण ती कथा म्हणून. आणि इतकें करूनही काल ठरला नाहीं तर "काल अनिश्चित" असें लिहिण्यास संकोच मानूं नये. अनिश्चित म्हटल्यानें पुढचा अभ्यासक शोध घेतो. "निजामकालीन" म्हटल्यानें तो थांबतो.

ज्या पुलांवर शिलालेख नाहीं, ज्यांच्याविषयीं गोष्ट नाहीं, आणि ज्यांचा कागद कोठल्या दप्तरांत आहे हें कोणास ठाऊक नाहीं, असेच पूल या दोन जिल्ह्यांत अधिक असावयाचे. त्यांचा पुरावा म्हणजे ते स्वतःच होत. रस्ते रुंद होत आहेत. जुन्या कमानी पाडून त्या जागीं सपाट पूल होत आहेत, आणि रहदारीच्या दृष्टीनें पुष्कळ ठिकाणीं तें योग्यही असेल. त्यांतल्या प्रत्येक कमानीनें उभें राहावें असा आमचा आग्रह नाहीं. पाडण्यापूर्वीं ती मोजली जावी, तिची आकृति काढली जावी आणि तिच्या चुन्याचा एक तुकडा जपला जावा, एवढाच आग्रह आहे. कागद जळाला तर त्याची नक्कल दुसऱ्या दप्तरांत मिळूं शकते. पाडलेल्या कमानीची नक्कल कोठेंही मिळत नाहीं.